गाडी झाली का हो? : माझ्या गिअरबॉक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ मे ते १ नोव्हेंबर २०२४ या साडेपाच महिन्यांत माझी लाल, दोन दारांची गाडी ११८ दिवस डीलरच्या वर्कशॉपमध्ये होती. लिफ्टमध्ये, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे लोक तेच ते विचारतात. काही जण चौकशी म्हणून, काही जण मजा म्हणून. अलीकडे तशीच गाडी घेतलेले अनोळखी लोकही फोन करून विचारायला लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. डीलरचं आणि कंपनीचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, खाली विचारू नका.

मुळात झालं काय होतं?

२९ जून २०२३ ला मी ही गाडी डीलरच्याच जुन्या गाड्यांच्या शोरूममधून घेतली. तीन वर्षं वापरलेली, १९,४०० किलोमीटर चाललेली, किंमत ३४ लाख, वर एक वर्षाची वॉरंटी. राहायला आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, वर्कशॉप नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत.

मे महिन्यात दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना गाडी झटका द्यायला लागली. मागून कुणीतरी कोपर मारावं तसा. दोनदा दाखवली, दोनदा 'नॉर्मल आहे सर' म्हणून परत मिळाली. २८ जूनला वॉरंटी संपली. ७ जुलैला गिअरबॉक्स अर्धा बंद पडला. मधले दिवस मोजा: नऊ.

दोन क्लचचा गिअरबॉक्स म्हणजे नक्की काय? आम्हाला कळेल असं सांगा.

पोळ्या करणारी सराईत बाई बघा. एक पोळी तव्यावर असते, तेवढ्यात दुसरी लाटून तयार. तव्यावरची उतरली की त्याच क्षणी दुसरी पडते, तवा रिकामा राहत नाही. या गिअरबॉक्समध्ये एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे विषम गिअर सांभाळतो, दुसरा क्लच सम गिअर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच आतल्या आत टाकून ठेवलेला असतो. बदलायच्या वेळी एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. त्यामुळे गिअर बदलल्याचं कळतही नाही आणि इंजिनचा जोर तुटत नाही.

हे सगळं करतं कोण? मेकॅट्रॉनिक नावाचं एक युनिट. तेलाच्या दाबाने क्लच आणि गिअर हलवणारे व्हॉल्व्ह, सेन्सर आणि त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक, असं सगळं एकत्र. गिअरबॉक्सच्या पोटातच, बऱ्याच गाड्यांत गरम तेलाला चिकटून बसलेलं. पुढे ज्याचं बिल येणार आहे ते हेच.

मॅन्युअलच घ्यायची होती ना मग!

हा प्रश्न माझ्या सासऱ्यांचा. स्पोर्ट्स गाड्यांत आता मॅन्युअल शोधावी लागते. फेरारी आणि लॅम्बोर्गिनीच्या नव्या गाड्यांत ती मिळतच नाही. निस्सानची जीटी-आर २००७ मध्ये आली तीच दोन क्लच घेऊन, तिच्यात दुसरा पर्याय नव्हता. आणि हे काही कालचं खूळ नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर हा प्रकार वापरून पाहिला होता, आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर ३२ मधून तो विकत मिळणाऱ्या गाडीत आणला. तंत्र वाईट नाही. मला आजही आवडतं.

ट्रॅफिकमध्ये थोडा झटका येणं नॉर्मलच असतं, असं डीलर सांगतो. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि तोच घोळ आहे.

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. सरपटत चालताना घसरायचं ते तेल घसरतं, झिजत काही नाही. दोन क्लचवाल्यात मात्र खरोखरच्या क्लच प्लेट असतात. मानपाड्याहून कासारवडवलीपर्यंत बंपरला बंपर लावून सरपटत जाताना त्या प्लेट सतत अर्धवट घासत राहतात, तापतात. माझ्या गाडीतला क्लच तेलात बुडालेला आहे, म्हणजे ती उष्णता तेल वाहून नेतं. काही गाड्यांत तो कोरडा असतो, त्यांना हा त्रास जास्त. पोळीच्या भाषेत, तव्यावर टाकायची, उचलायची, पुन्हा टाकायची. भाजत कुठलीच नाही, तवा मात्र लाल.

म्हणून थंड गाडीत सकाळी एखादा हलका धक्का, किंवा ब्रेक दाबता दाबता मध्येच ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभराचा गोंधळ, हे चालायचं. पण तोच झटका, त्याच गिअरला, गाडी तापल्यावर रोज, आणि महिन्याभरात वाढत गेलेला, हे नॉर्मल नाही. फरक कळायला मी एक साधी गोष्ट केली. कपहोल्डरमध्ये पाण्याची अर्धी बाटली ठेवली आणि पोराला मोबाइलवर शूटिंग करायला लावलं. गायमुखच्या चढावर गाडी दुसऱ्यावरून पहिल्यावर आली की बाटलीतलं पाणी झाकणाला लागायचं. हा बावीस सेकंदांचा व्हिडिओ पुढे लाखो रुपयांचा निघाला.

चालवताना स्वतःपुरती काळजी घ्यायची असेल तर एवढीच: पुढच्या गाडीच्या मागे इंच-इंच सरकू नका, दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या आणि मग एकदम निघा. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. थांबलात तर ब्रेक नीट खाली दाबा. अर्धवट दाबलात तर क्लच पूर्ण सुटत नाही, घासत राहतो.

त्या दिवशी वॉचमनने गाडी ढकलली म्हणतात, ते काय प्रकरण?

सोसायटीत ही गोष्ट तीन आवृत्त्यांत फिरते आहे. मूळ प्रत अशी.

७ जुलै, रविवार, संध्याकाळ. वसईहून परत येताना गायमुखला चक्का जाम. पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची पिवळी खूण आली, मग लाल, मग गाडीने परस्पर ठरवलं की आता सम गिअर बंद. पहिल्यावरून थेट तिसरा. घरापर्यंत अशीच रडतखडत आणली आणि पोडियमवर माझ्या जागी, भिंतीला नाक लावून उभी केली. रात्रभर थंड होऊ दे, सकाळी बघू.

सकाळी बघितलं तर रिव्हर्स पडेना. माझ्या गाडीत रिव्हर्स सम गिअरांच्याच बाजूला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे भिंत, डावीकडे खांब, उजवीकडे शहाकाकांची नवी कोरी गाडी. त्यात ८ जुलैचा तो पाऊस, ज्यात मुंबईच्या लोकल ठप्प झाल्या होत्या. टोइंगवाला म्हणाला, उद्या. मंगळवारी तो आल्यावर वॉचमन, दूधवाला आणि मी अशा तिघांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मागे ढकलली. शहाकाका स्वतःच्या आरशावर हात ठेवून उभे होते. फ्लॅटबेडच्या उतरंडीला पुढचा बंपर घासायला लागला तेव्हा क्लब हाउसच्या दुरुस्तीतल्या दोन फळ्या खाली सारल्या. एवढंच. 'गाडीतून धूर येत होता' हे नंतर जोडलेलं आहे.

एक सांगून ठेवतो: अशी गाडी नेहमी फ्लॅटबेडवरच न्यायची. ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो ती जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचं उरलंसुरलंही जातं.

घरच्या घरी स्कॅनर लावून दोष कळला नसता का?

मी लावला होता. डॅशबोर्डखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीचे दोष वाचायचं, सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचं स्वस्त यंत्र. त्याने 'पी०७००' दाखवलं. शोधलं तर या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची काहीतरी तक्रार आहे, त्यालाच विचारा. म्हणजे दारावर चिठ्ठी, 'आत चौकशी करावी'. स्वस्त यंत्रं बहुतेक वेळा आत जाऊच शकत नाहीत. तरी तारीख, वेळ आणि किलोमीटर दिसतील असा त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. वर्कशॉपमध्ये पहिलं काम काय होतं, तर सगळे कोड पुसले जातात.

जॉब कार्डवर नक्की काय लिहून घ्यायचं?

सगळ्या पानातला एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

१४ मेला मी सर्व्हिस ॲडव्हायजरला उभ्या उभ्या पाच मिनिटं सगळं समजावलं. मुलगा चांगला होता, मान डोलावत होता, टॅबवर टाइप करत होता. शेवटी टॅब पुढे केला, 'सर, इथे साइन.' मी केली. घाईत होतो, साडेदहाची मीटिंग होती. त्यावर, म्हणजे माझ्या जॉब कार्डवर, त्याने लिहिलं होतं: जनरल चेकअप ॲण्ड वॉश. बस्स. जूनमध्ये दुसऱ्यांदा गेलो, पाच दिवस गाडी ठेवली, तेव्हाचं जॉब कार्ड: सॉफ्टवेअर अपडेट. झटक्याचा उल्लेख नाही, गिअरचा नाही, काही नाही.

वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स गेला तेव्हा वर्क्स मॅनेजरने दोन्ही कार्डं माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि अगदी नम्रपणे विचारलं, 'सर, वॉरंटीत असताना गिअरबॉक्सची कंप्लेंट कुठे आहे?'

मी टेबलाकडे बघत राहिलो. कंप्लेंट माझ्या तोंडात होती. कागदावर नव्हती.

तेव्हापासून मी काय करतो: तक्रार माझ्या शब्दांत लिहायला लावतो. 'गाडी गरम झाल्यावर, वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालल्यावर, दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना जोराचा झटका' असं. 'गिअर इश्यू' हे शब्द चालवून घेत नाही. ॲडव्हायजर म्हणतो सिस्टिममध्ये एवढी जागा नाही. तर मी म्हणतो, प्रिंट काढा, मी पेनाने लिहितो, तुम्ही शिक्का मारा. मीटरचं रीडिंग आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही फोटोत. टाकीतलं पेट्रोलही. 'नॉर्मल आहे' असं म्हणाले तर तेच वाक्य जॉब कार्डवर लिहून मागतो. गंमत बघा, तोंडाने दहा वेळा नॉर्मल म्हणणारा माणूस ते लिहायची वेळ आली की आत जाऊन सिनियरला घेऊन येतो.

आणि शक्य असेल तर ॲडव्हायजरला नाही, टेक्निशियनला शेजारी बसवून चक्कर मारायची. गाडी तापवून. वर्कशॉपच्या गेटपासून गेटपर्यंतच्या दोन मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कुठलाच क्लच तापत नाही.

मग जॉब कार्डवर काहीच नसताना तुम्ही भांडलात कशाच्या जोरावर?

बाटलीच्या व्हिडिओच्या. १३ मेच्या रात्री मी तो ॲडव्हायजरला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, खाली दोन ओळी लिहून. त्यावर त्याचं उत्तर होतं: 'ओके सर, उद्या घेऊन या, बघतो.' निळी खूण, तारीख, वेळ. फोनवर बोललो असतो तर आज हे पान नसतं. असे मेसेज डिलीट करू नका, फोन बदललात तर बॅकअप घ्या. प्रकरण पुढे गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वी त्यालाच ६५ ब म्हणायचे.

तुम्हीच गाडी पळवून बिघडवली असं ते म्हणाले म्हणे?

हो. वॉरंटी नाकारायचं पहिलं कारण नऊ दिवसांचं, दुसरं हे. गाडीत लाँच कंट्रोल असतो, म्हणजे उभ्या गाडीवरून जास्तीत जास्त जोरात सुटण्याची सोय. त्याच्या वापराची नोंद गाडीत राहते. 'सर, तुमच्या गाडीत अकरा लाँच दिसतायत.'

मी प्रिंटआउट मागितला. द्यायला चार दिवस लावले. त्यात शेवटचा लाँच १४,२०० किलोमीटरला होता. मी गाडी घेतली १९,४०० ला. म्हणजे अकराच्या अकरा पहिल्या मालकाचे, आणि त्यानंतर याच डीलरने गाडी तपासून, 'प्रमाणित' म्हणून काचेवर स्टिकर लावून मला विकली. हा मुद्दा त्यांनी परत काढला नाही. घोडबंदर रोडला लाँच कंट्रोल वापरायला जागा कुठे आहे, हे मी त्यांना विचारणार होतो, पण राहून गेलं.

विम्यातून नाही का मिळत?

नाही. अपघात झाला नसेल तर नाही. यांत्रिक आणि विद्युत बिघाड, झीज हे नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेलं असतं. इंजिन-गिअरबॉक्सचं जादा कवच घेतलं असेल तर मुख्यतः पाणी शिरून किंवा तेल गळून झालेल्या नुकसानीला ते लागू होतं. पॉलिसी वाचा, एजंटला विचारू नका.

शेवटी खरा दोष काय निघाला?

इथे जरा बसा.

जुलैमध्ये निदान झालं: मेकॅट्रॉनिक गेलं. एस्टिमेट करांसह ५ लाख ९४ हजार. त्यात नुसता पार्ट ४ लाख १२ हजार, वर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के आहे. माझा गिअरबॉक्स वर्षभर थांबला असता तर स्वस्त पडला असता.) वॉरंटी नाही, मग पैसे भरा. २५ जुलैला मी ईमेल केला की वाहन अडकून पडलंय म्हणून नाइलाजाने, हरकत राखून, मंजुरी देतोय. अर्धे पैसे आगाऊ भरले. पार्ट परदेशातून यायला सात आठवडे. या काळात दर शनिवारी मी ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळ्याला उतरून, शेअर रिक्षाने वर्कशॉपला जायचो. स्पोर्ट्स गाडीचा मालक ऐरोलीच्या गर्दीत दाराला लटकलेला, हे दृश्य बायकोला फार आवडायचं.

सप्टेंबरच्या मध्यावर नवं मेकॅट्रॉनिक बसलं. गाडी सुरू केली. सम गिअर गायब. तोच कोड.

मग पुन्हा गिअरबॉक्स खाली. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, ॲडव्हायजरने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा होती. लिफ्टवर माझी पोट रिकामी झालेली गाडी, तिला झेंडूचा हार. खाली ट्रॉलीवर गिअरबॉक्स, त्यालाही हळद-कुंकू आणि आपट्याची दोन पानं. मी चिडायचं ठरवून फोटो उघडला होता, पण चिडता येईना.

१६ तारखेला वर्कशॉपमधल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियनला गाडी दिली. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. त्याने लॅपटॉप लावलाच नाही. गिअरबॉक्सला जाणाऱ्या वायरिंगचा गोल कनेक्टर उघडला, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. रबराच्या सीलमागे एका पिनवर हिरवट थर होता, जुन्या तांब्याच्या भांड्याला येतो तसा. त्या पिनमधून सम बाजूच्या व्हॉल्व्हना वीज जाते. थंड असताना पुरेशी जायची, तापल्यावर किंवा ओल आली की कमी पडायची. व्हॉल्व्ह अर्धवट उघडायचे, क्लचचा दाब चुकायचा, झटका. बिचाऱ्या संगणकाला वाटायचं, आपल्याच पोटात बिघाड आहे, आणि तो तसा कोड द्यायचा. कोडवर विश्वास ठेवून सगळ्यांनी मेकॅट्रॉनिक बदललं. कोड म्हणजे पेशंटने सांगितलेलं दुखणं. 'पोटात दुखतंय' म्हटलं म्हणून लगेच पोट बदलत नाहीत.

त्याने पिन साफ केली नाही, कनेक्टरचा तुकडाच बदलला. पार्टची किंमत बिलात आहे: २,८६० रुपये.

पाणी तिथे कसं गेलं, कुणी सांगितलं नाही. दर सर्व्हिसला फुकट मिळणाऱ्या अंडरबॉडी प्रेशर वॉशकडे मी आता संशयाने बघतो.

२२ ऑक्टोबरला गाडी मिळाली, २६ ला परत गेली. कारण नवं मेकॅट्रॉनिक बसवल्यावर प्रत्येक क्लच नेमका कुठे धरतो हे त्याला शिकवावं लागतं, त्याला ॲडॅप्टेशन म्हणतात. ते तेल ठरावीक तापमानाला आल्यावर करायचं असतं, तेलाची पातळीही तशीच ठरावीक तापमानाला बघायची. घाईत थंड गाडीवर उरकलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पुन्हा नीट केलं. ॲडॅप्टेशनचा प्रिंट मागून घ्या, त्यावर तापमान असतं.

पूर्ण बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. असं अडवता येतं का?

येतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७० आहे. ज्या वस्तूवर कारागिराने मेहनत केली ती, मोबदला मिळेपर्यंत, त्याला ठेवून घेता येते. सोनाराकडच्या दागिन्याचंच तत्त्व. म्हणून गेटवर आवाज चढवून उपयोग नाही. मी पैसे भरले आणि पावतीच्या दोन्ही प्रतींवर 'हरकत राखून' लिहिलं. कॅशियरबाई म्हणाल्या, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, मी पहिला. मात्र गाडी त्यांच्या ताब्यात असताना ती स्वतःची असल्यासारखी जपायची जबाबदारीही त्याच कायद्याने, कलम १५१ ने, त्यांच्यावर येते. माझ्या गाडीचं रीडिंग तीन महिन्यांत २१२ किलोमीटरने वाढलं होतं. त्याचा हिशोब मी तारीखवार मागितला, तेव्हा पेट्रोलची टाकी भरून मिळाली. हिशोब मिळाला नाही.

जुना पार्ट मागून घ्यायला विसरू नका. वॉरंटीत बदलला तर तो कंपनीकडे जातो, पैसे देऊन बदलला तर तुमचा.

ग्राहक आयोगात गेलात का?

तयारी पूर्ण केली, दाखल करायची वेळ आली नाही. पण माहिती उपयोगी आहे म्हणून सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, डीलरच्या दाराशी जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही, २० ते ५० लाखांच्या मोबदल्याला १,००० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. वकील सक्तीचा नाही. आता ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा. कंपन्या तिथल्या तक्रारींना बऱ्याचदा उत्तर देतात. मुंबई ग्राहक पंचायतीची मंडळीही मार्गदर्शन करतात.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असं धरून चालू नका.

आणि 'गाडीच बदलून द्या' अशी मागणी करण्याआधी थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलंय की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायची हमी असेल तर तेवढंच बंधन, अख्ख्या गाडीचं नाही. २०२१ च्या एका निकालात हेही आलं की डीलरच्या चुकीसाठी उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही. त्याला माहीत होतं किंवा त्याचा हात होता हे दाखवावं लागतं. म्हणून मी माझी मागणी लहान आणि कागदावर सिद्ध होणारी ठेवली: जो पार्ट खराब नव्हता, त्याचे पैसे परत.

नोटीस देणं बंधनकारक नाही, तरी मी दिली. पाच पानं. दोन जॉब कार्डं, व्हॉट्सॲपचा संवाद, लाँचचा प्रिंट, आणि २,८६० रुपयांच्या ओळीवर पिवळा मार्कर मारलेलं बिल. जानेवारी २०२५ मध्ये ५,२७,३६० रुपये खात्यात आले. पत्रात शब्द होता 'गुडविल'. चूक हा शब्द शोधला, नव्हता. मजुरी आणि तेल माझ्या माथी. मी सोडून दिलं, दमलो होतो.

बाहेरच्या गॅरेजला का नाही नेली?

विचार केला होता. ठाण्यात आणि तुर्भ्याला या गिअरबॉक्सवर हात बसलेले लोक आहेत. पण वॉरंटीचा वाद चालू असताना बाहेरच्या माणसाने गिअरबॉक्स उघडला की डीलरला तिसरं कारण आयतं मिळतं. वॉरंटी संपून वर्ष झालं असेल, वाद नसेल, तर जरूर जा. फक्त 'मेकॅट्रॉनिक रिपेअर करून देतो' म्हणणाऱ्याला आधी कनेक्टर उघडून दाखवायला सांगा.

एवढं झाल्यावर विकून का नाही टाकली?

विकायला काढली होती. बघायला आलेल्या मुलाने विचारलं, 'गिअरबॉक्सचं काही काम झालंय का?' मी खरं सांगायला लागलो. पाऊण तास झाला, चहा झाला. शेवटी तो म्हणाला, 'काका, तुम्हीच ठेवा.'

जुन्या मेकॅट्रॉनिकचं काय केलंत?

खोक्यात आहे, माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी. चांगलं चालू स्थितीत आहे. कुणाला हवं असेल तर सांगा.

आता कशी चालते?

छान. या उन्हाळ्यात गायमुखला भर दुपारी चाळीस मिनिटं अडकलो, बाटलीतलं पाणी हललं नाही. तेल मात्र पुस्तकात लिहिलेल्या ६०,००० किलोमीटरची वाट न बघता ४०,००० लाच बदलणार आहे.

आणि हो, पार्किंगमध्ये मी आता गाडी रिव्हर्सनेच लावतो, तोंड बाहेर. शहाकाकांनीही तसंच सुरू केलंय. त्यांची गाडी मॅन्युअल आहे.